मेसेज महेंद्रला जातो

दौंडच्या बाजारात ताईबाईनं कार्ड टेकवलं की तिकडे शिरूरला तिच्या मुलाचा फोन वाजायचा, आणि पुढच्याच मिनिटाला इकडे ताईबाईच्या पिशवीतला. मधे पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता, नदी, उसाची रानं. पण तिला वाटायचं, महेंद्र दुकानदाराच्या गल्ल्यामागंच दबा धरून बसलाय.

"जयभीम आई. काय घेतलं?"

बोलणं एवढंच. ताईबाईनं काय ते सांगायचं, त्यानं "बरं" म्हणायचं किंवा "कशाला?" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. "बरं" आलं तर दिवस बरा जायचा. "कशाला?" आलं तर ताईबाई संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात उत्तरं देत भांडी आपटत राहायची.

महेंद्र वाईट मुलगा होता असं कुणी समजू नये. रांजणगावच्या एका कंपनीत तो सुपरवायझर होता, शिरूरला भाड्याच्या घरात बायको सीमा आणि लहान मुलगी, नाकासमोर चालणारा माणूस. ताईबाईचा नवरा ज्ञानदेव रेल्वेत गँगमन होता. रिटायर झाला आणि दोन वर्षांतच गेला. मागं उरल्या रेल्वे रुळांखालच्या मोरीपलीकडच्या दोन खोल्या आणि ताईबाईच्या नावावर दर महिन्याला जमा होणारी पेन्शन. बँकेची धावपळ सगळी महेंद्रनं केली आणि खात्याला मोबाइल नंबर दिला तो स्वतःचा. बँकेचे मेसेज इंग्रजीत येतात आणि आईचं शिक्षण सातवी, तेही मराठी शाळेतलं, असं त्याचं म्हणणं. शिवाय वस्तीतल्या एका रिटायर माणसाला "बँकेतून बोलतोय" म्हणून फोन आला आणि पाहता पाहता त्याचे चाळीस हजार गेले, तेव्हापासून महेंद्रनं जो धसका घेतला तो घेतलाच. ओटीपी कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचा नाही, हे त्यानं घरातल्या सगळ्यांकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं.

कार्ड कसं टेकवायचं हेही त्यानंच शिकवलं. सुट्ट्याची कटकट नाही, पाकीट मारायची भीती नाही, नोट फाटकी निघायचा प्रश्न नाही. ताईबाईचा फोन बटणांचा. बाकीच्या बाया दुकानात फोन उघडून स्कॅन करायच्या, ही ऐटीत कार्ड टेकवायची. पहिले पंधरा दिवस तिला फार मजा वाटली. सोळाव्या दिवशी तिनं चपला घेतल्या आणि फोन वाजला.

"चपला तर आत्ताच घेतल्या व्हत्या ना गं?"

आत्ताच म्हणजे दीड वर्षापूर्वी. पण ते सांगेपर्यंत त्यानं "बरं असू दे" म्हणून फोन ठेवलासुद्धा. ताईबाई नव्या चपला पायात घालून दुकानाच्या पायरीवर तशीच उभी राहिली. तिला राग आला. आणि रागाचं कारण सांगता येईना म्हणून आणखी राग आला. पोरगा शिव्या देत नव्हता, पैसे घेत नव्हता, नुसतं विचारत होता. विचारणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं?

सकाळच्या दुधाला मात्र कधी फोन यायचा नाही. दूध रोजचं. डाळ-तांदळाला क्वचित. पण बांगड्या, साडीला फॉल, केसांचं तेल जरा वरचं, विहारातल्या कार्यक्रमासाठी घेतलेली दोन किलो केळी, यातलं काहीही घेतलं की पिशवीतला फोन वाजलाच म्हणून समजा. हळूहळू असं झालं की वस्तूला हात लावायच्या आधीच तिच्या कानात "काय घेतलं?" वाजू लागलं. वस्तू परत ठेवायची, दोन दुकानं पुढं जायची, परत यायची. दुकानदार म्हणायचे, ताईबाईचा पाय एका जागी ठरत नाही.

खरी भानगड झाली ती डोशामुळे.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ती बँकेत गेली होती. आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून देण्यात तीन तास गेले, पोटात कावळे ओरडायला लागले. येताना स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर एक लहानसं हॉटेल दिसलं. तिथून ती हजारदा गेली असेल, पण आत एकटीनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी टाकलं. आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यायची पद्धत. तिनं कार्ड टेकवलं, चिठ्ठी घेतली आणि पंख्याखाली बसली. वाढप्यानं समोर मसाला डोसा आणून ठेवला, पाण्याचा ग्लास ठेवला, आणि वर "आणखी काय आणू मावशी?" असं विचारलं. चाळीस वर्षं तिनं लोकांना वाढलं होतं. सासऱ्यांना, नवऱ्याला, मुलाला, आल्यागेल्याला. आपण बसून राहायचं आणि दुसऱ्यानं आणून द्यायचं, हे सुख असं असतं होय? डोसा कुरकुरीत होता. तिनं तो सावकाश, अगदी कडेकडेनं खायला घेतला, आणि दुसऱ्या घासाला फोन वाजला.

"जयभीम आई. हॉटेलात काय घेतलं? कोण आलंय?"

झालं. मी एकटीच बसून खातेय, हे वाक्य तिच्या तोंडातून निघेना. विधवा बाई भर बाजारात हॉटेलात एकटी बसून डोसा खाते, हे मुलाला सांगायची लाज वाटली. लाज वाटायला नको होती, हे मला कळतं, तुम्हाला कळतं, तिलाही पुढं कळलं. पण त्या क्षणी जिभेवर जे आलं ते तिनं सांगून टाकलं. "तुझी अंजनामावशी आलीय कवठ्यावरनं."

"बरं," महेंद्र म्हणाला.

अंजना ही ताईबाईची धाकटी बहीण, कवठे येमाईला दिलेली. बिचारी त्या वेळी तिथं कांद्याच्या रोपात उभी असेल. तिला काय ठाऊक की आपण दौंडमध्ये डोसा खातोय!

त्यानंतर ताईबाईला चटक लागली. दर गुरुवारी बाजार करून झाला की तिचे पाय आपोआप स्टेशनकडे वळायचे. पण दर गुरुवारी बहीण कवठ्याहून आणायची कुठून? म्हणून तिनं ठरवलं की हॉटेलात रोख पैसे द्यायचे. रोखीला ना आवाज ना पत्ता. पण रोख आणायची कुठून? एटीएमला कार्ड घातलं, दोन हजार काढले, आणि नोटा मशिनीतून बाहेर पडायच्या आत फोन. "दोन हजार कशाला काढले? कार्ड दिलंय ना तुला?" मग पुढचे आठ दिवस त्या दोन हजारांतले किती राहिले याची रोज चौकशी.

मग उधारी. कोपऱ्यावरचा किराणावाला शंकरराव जुन्या ओळखीचा, वही ठेवणारा. सामान वहीवर आणायचं, म्हणजे हातात आहेत ते रोख पैसे हॉटेलाला उरतील, असा तिचा हिशोब. उधारीचा मेसेज जात नाही हे खरं, पण शंकररावाचं तोंड जातं. पंधरा दिवसांत त्यानं महेंद्रला फोन लावला. तक्रार म्हणून नव्हे, काळजीनं. आजवर वहिनींनी कधी वही लावली नाही, आता लावतात, घरी काही अडचण आहे का? महेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेल्वेची पेन्शन असताना आपल्या आईची उधारी! त्यानं त्याच मिनिटाला शंकररावाचे पैसे चुकते केले आणि आईला अर्धा तास समजावलं. ताईबाई आगीतून फुफाट्यात पडली.

शेवटी तोडगा तिनंच काढला, आणि काढला तोही असा की बँकेतल्या साहेबांनी तोंडात बोट घालावं. शंकररावाकडून दोनशेचं सामान घ्यायचं, कार्ड टेकवायचं पाचशेला, आणि वरचे तीनशे रोख मागून घ्यायचे. शंकरराव शंभरामागं दोन रुपये कापून घ्यायचा, उरलेले तिच्या रुमालात, डोशाला आणि बांगड्या-तेलालाही. शिरूरला मेसेज जायचा तो किराण्याचा, आणि किराण्याला फोन येत नाही. असे तीनेक महिने सुखात गेले. सुखात म्हणजे काय, चोरीच्या सुखात. गुरुवारी डोसा खाताना तिचं अर्धं लक्ष दाराकडे असायचं. ओळखीचं कुणी दिसलं की ती उगाच पदर सारखा करायची, घाईघाईनं गिळायची, ठसका लागायचा. स्वतःचे पैसे आपण चोरून खातोय, हा विचार तिला पंख्याखालीही घाम फोडायचा.

आणि मार्चमधल्या एका बुधवारी दुपारी फोन आला. त्या दिवशी तिनं दुधाशिवाय काहीच घेतलं नव्हतं, म्हणून तिला आधीच धस्स झालं. महेंद्र हळू आवाजात बोलत होता. रागात असता तर बरं झालं असतं. कवठ्याला एका लग्नात त्याला अंजनामावशी भेटली होती, आणि ती तर वर्षभरात दौंडला आलीच नव्हती. शिवाय त्यानं मेसेज मागं जाऊन पाहिले होते. एकट्या बाईला महिन्याला साडेपाच हजारांचा किराणा लागतो कसा?

"आई, खरं सांग. कोण येतं तुझ्याकडं? कोण पैसे मागतं का?"

आई खोटं बोलते, हे त्या भाबड्याला सुचलंच नव्हतं. त्याला सुचलं ते हे की आईला कुणीतरी गंडवतंय, नाहीतर आईचं डोकं आताशा नीट चालत नाही. दुसरी शक्यता तो बोलला नाही, पण त्याच्या सुरात ती होती, आणि ताईबाईला ती बरोबर लागली.

"रविवारी येतो मी," तो म्हणाला. "कार्ड माझ्याकडंच ठेवतो. तुला आठवड्याला दोन हजार रोख आणून देत जाईन. काय लागंल ते त्यात घे. तुझ्या डोक्याला तरास न्हाई."

फोन ठेवल्यावर ताईबाई आधी बसली, मग उठली, मग पुन्हा बसली. चुलीवरचं पिठलं करपलं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती पैसे मागत आली होती. आधी सासूकडे, मग ज्ञानदेवकडे. ज्ञानदेव चांगला माणूस, कधी नाही म्हणाला नाही, पण मागावं लागायचंच, आणि मागताना कशाला ते सांगावं लागायचं. न मागता हातात आलेला तिच्या आयुष्यातला पहिला पैसा म्हणजे ही पेन्शन, आणि ती येण्यासाठी नवरा जावा लागला होता. आता पुन्हा दर रविवारी हात पुढं करायचा? तोही पोटच्या पोराकडे? तिनं करपलेलं पिठलं तसंच खाल्लं. तिचं मन ठरलं. रविवारच्या आत खात्याला स्वतःचा नंबर लावायचा. मेसेज आपल्या फोनवर आला की महेंद्रला काही कळणार नाही, आणि जे कळत नाही त्यावर तो कार्ड तरी कशाला मागेल?

गुरुवारी ती बँकेत गेली तर लिंक नव्हती. दीड तास बसून परत आली, त्या गुरुवारी हॉटेलाकडे फिरकलीसुद्धा नाही. शनिवार दुसरा, म्हणजे बँक बंद. राहिला एक शुक्रवार. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी दूध घेतलं, पासबुक आणि आधार कार्ड पिशवीत टाकलं, मोरीतून चालत बँक उघडायच्या आधी पाऊण तास दारात जाऊन उभी राहिली. वॉचमन म्हणाला, मावशी सावलीत तरी बसा. ती बसली नाही.

काउंटरवर रश्मी नावाची पोरगी होती, पाबळची, नव्यानंच लागलेली आणि अजून माणसांशी नीट बोलणारी. ताईबाईनं काम सांगितलं. रश्मीनं फॉर्म दिला, भरायला मदत केली, मेसेज मराठीत हवेत ना म्हणून विचारलं आणि तशी खूणही करून दिली. मेसेज मराठीत येतात? ताईबाईला तीन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. रश्मीनं कॉम्प्युटरवर काहीतरी खटखट केलं आणि सहज म्हणाली, "जुन्या नंबरवर ओटीपी गेलाय मावशी. तेवढा सांगा."

ताईबाई काउंटरवर पुढं वाकली. "जुन्या म्हंजी?"

"आत्ता खात्याला आहे तो. त्यावरून खात्री केल्याशिवाय नंबर बदलत नाही."

म्हणजे महेंद्रला कळू नये म्हणून जे करायचं, ते महेंद्रला विचारल्याशिवाय होत नाही! ताईबाईच्या चेहऱ्याकडे बघून रश्मीला काय समजायचं ते समजलं असावं. तिनं आवाज खाली आणला आणि दुसरा रस्ता सांगितला. जुना नंबर बंद झालाय असा अर्ज द्यायचा, खाली सही करायची. मग ओटीपी लागत नाही, चौकशी होऊन आठवड्यात काम होतं. तिनं कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं.

ताईबाईनं पेन उचललं. हा अर्ज तिच्या ओळखीचा होता. ज्ञानदेव गेल्यावर त्याचा नंबर काढायला याच काउंटरवर महेंद्रनं तो लिहिला होता आणि तिनं खाली सही केली होती. जुना नंबर बंद झाला आहे. तेव्हा ते वाक्य खरं होतं. आता तेच वाक्य जित्याजागत्या पोराच्या नंबरापुढं लिहायचं? तिनं पेन कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मागच्या रांगेतला माणूस खाकरला. तिनं पेन खाली ठेवलं.

"असं न्हाई ल्ह्यायचं मला," ती म्हणाली.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजलाच. नंबर बदलण्याचा ओटीपी कंपनीत महेंद्रच्या फोनवर पोहोचला होता, आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता. जयभीम नाही, काही नाही.

"आई, कुठं हायस तू? शेजारी कोण हाय? काय बी सांगू नको, फोन कट कर."

ती म्हणाली, मी बँकेत आहे. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात. तिनं फोन रश्मीकडे दिला. रश्मीनं आपलं नाव, शाखा, हुद्दा सगळं नीट सांगितलं. महेंद्रनं तिला सुनावलं की गोड बोलणाऱ्या पोरी त्याला चांगल्या माहीत आहेत, आणि आत्ताच्या आत्ता तो कार्ड ब्लॉक करतोय. रश्मीचे कान लाल झाले. फोन पुन्हा ताईबाईच्या हातात आला. रांग आता कान देऊन ऐकत होती. पासबुकं वारा घालायची थांबली होती.

आता सांगावंच लागणार होतं. ती कुणाच्या बोलण्यात आलेली नाही, तिचं डोकं ठिकाणावर आहे, हे पटवायला तिच्याकडे एकच पुरावा होता, आणि तो तिनं चार महिने जिवापाड लपवला होता.

"महेंद्र, ऐक. अंजी कवाच आली न्हवती. हॉटेलात मी जात हुते. एकटी. दर गुरुवारी डोसा खात हुते."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शंकररावाकडनं जास्तीचे पैसे मीच घेत हुते, त्यासाठी. मला कुणी गंडवलं न्हाई. मीच तुला गंडवलं." ती थांबली नाही. "तीन वर्सं झाली, तू मला दिवसातनं चारदा फोन करतोस. काय घेतलं, काय घेतलं. कशी हायेस म्हणून एकदा तरी इचारलंस का रं?"

मागचा खाकरणारा माणूस खाली बघू लागला. महेंद्रच्या मागं कुठंतरी मशिनी धडधडत होत्या. मग तो बोलला, आणि तो असं काही बोलेल हे ताईबाईच्या स्वप्नातही नव्हतं.

"सकाळी दुधाचा मेसेज आला की मी कंपनीच्या गाडीत बसतो, आई. एकदा आला न्हाई तर गाडी सोडली व्हती. तू एकटी असतीस तिथं. मेसेज आला की कळतं, उठलीस, चालतीबोलती हायेस. कशी हायेस म्हणून काय इचारायचं, मला कळतच व्हतं की."

ताईबाईनं भिंतीला हात लावला. दुधाला फोन येत नाही म्हणजे दुधाकडे त्याचं लक्ष नाही, असं ती इतके दिवस समजत होती. तिला एकदम त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एकदम त्याच्या पाठीत धपाटाही घालावासा वाटला.

"मग फोन कर ना रं," ती म्हणाली. "सकाळी सातला कर. मी उचलीन. पर कार्ड माझं, नंबर माझा. रविवारी ये, पन कार्ड न्यायला येऊ नको."

मग महेंद्रनं विचारलं, ती बँकेची पोरगी खरीच बँकेची आहे ना? ताईबाई म्हणाली, व्हय रं बाबा, तिच्या मागं तिजोरी दिसतीय. तेव्हा कुठं त्यानं एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. ताईबाई मोठ्यानं म्हणत गेली, रश्मी टाइप करत गेली. तोवर पहिल्या ओटीपीची मुदत संपली होती. रश्मीनं दुसरा पाठवला. दुसरा त्यानं न विचारता वाचून दाखवला.

"उद्यापासून मेसेज तुमच्या फोनवर येतील मावशी," रश्मी म्हणाली. "आजच्या दिवस जुन्याच नंबरवर जातील."

ताईबाई बाहेर आली. ऊन चढलं होतं. काम झालं होतं, तरी तिचं मन काही जागेवर येईना. ती घराच्या दिशेनं चार पावलं चालली, थांबली आणि स्टेशनकडे वळली. शुक्रवार असला म्हणून काय झालं.

हॉटेलाच्या गल्ल्याशी तिनं एक मसाला डोसा सांगितला. कमरेच्या रुमालात शंकररावाकडून घेतलेले दोनशे चाळीस रुपये होते. हात सवयीनं तिकडे गेलासुद्धा. मग तिनं पिशवीतून कार्ड काढलं आणि मशिनीवर टेकवलं. चिठ्ठी घेऊन ती पंख्याखालच्या टेबलावर बसली आणि फोन समोर उपडा न ठेवता सरळ, दिसेल असा ठेवला.

एक मिनिट झालं. दोन झाली. डोसा आला. फोन वाजला नाही. इतके दिवस वाजतो म्हणून जीव जायचा, आज वाजत नाही म्हणून जायला लागला. रागावला असेल का? सगळ्या बँकेसमोर आपण त्याला बोललो. का मशिनीवर काही झालं, हात-बित सापडला? पाच मिनिटं झाली. डोसा निवत चालला. शेवटी न राहवून तिनंच नंबर लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"मेसेज आला न्हाई का रं?"

"आला," महेंद्र म्हणाला. "खा निवांत."

तिनं फोन पिशवीत टाकला, पदर सैल सोडला आणि वाढप्याकडे सांबाराची आणखी एक वाटी मागितली.